झाडाचा निर्णय केबिनमध्ये बसून नको: जमीनमालकांना आणि छोट्या पोकलेनच्या ऑपरेटरांना खुलं पत्र

जमीनमालकांनो आणि ऑपरेटर मित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हा दोघांना एकत्र लिहितो आहे, कारण ज्या चुकीबद्दल बोलायचं आहे ती दोघांपैकी कुणा एकाची नसते. वस्तीपासून दूरची जमीन मोकळी करायची असते. रस्ता काढायचा असतो, कुंपण घालायचं असतं, पडीक रान लागवडीखाली आणायचं असतं किंवा घर बांधायचं असतं. मालक छोटा पोकलेन भाड्याने बोलावतो. मशीन ट्रेलरवरून उतरतं, मालक हात फिरवून दाखवतो, ‘इथपासून तिथपर्यंत सगळं साफ करा’, आणि बाजूला होतो. त्या ‘इथपासून तिथपर्यंत’मध्ये नेमकी कोणती झाडं येतात हे त्याने पाहिलेलं नसतं. ऑपरेटरला वाटतं, मालकाने विचार करूनच सांगितलं असणार. मालकाला वाटतं, हा माणूस रोज हेच काम करतो, नको ते झाड तो कशाला काढेल. दोघंही सरळ माणसं. तरीही संध्याकाळी अशी काही झाडं आडवी झालेली दिसतात, जी काढायची असं कुणीच ठरवलेलं नव्हतं.

माझी मागणी एकच आहे. कोणतं झाड जाणार आणि कोणतं राहणार, हे मशीन सुरू होण्याआधी ठरवा. पायी फिरून ठरवा, आणि दोघांनी मिळून ठरवा.

केबिन ही निर्णयाची जागा नव्हे, असं मी का म्हणतो ते आधी सांगतो. ऑपरेटर बसतो तिथून त्याला बुंधा आणि बकेट दिसते. डोक्यावर छत असल्यामुळे झाडाचा शेंडा दिसत नाही, उजव्या बाजूचा बराच भाग बूमने, म्हणजे मशीनच्या लांब हाताने, झाकलेला असतो, आणि चेनखालची जमीन तर दिसतच नाही. इंजिन चालू आहे, तासाचं मीटर पुढे सरकतं आहे. अशा वेळी मशीन वळवताना एखादं झाड आडवं आलं, तर वळसा घालून जायला पाच मिनिटं लागतात आणि ते ढकलायला दोन. कुणीही दोन मिनिटांचा रस्ता धरेल. यात ऑपरेटरच्या मनात पाप नसतं, कामाची मांडणीच तशी असते. भाडं तासावर असलं की घाई दोघांच्याही डोक्यात आपोआप शिरते, आणि झाडाचं वय कुणी विचारात घेत नाही.

पायी फिरलं की वेगळ्या गोष्टी दिसतात. कोणतं झाड उताराच्या कडेला उभं राहून माती धरून आहे. कोणत्या झाडाच्या ढोलीत पक्ष्यांची ये-जा आहे. कोणतं वाळलेलं झाड अशा ठिकाणी आहे की ते पडलं तरी खाली कुणी नसेल, मग ते तसंच उभं ठेवायला काय हरकत आहे? वाळक्या झाडावर आणि त्याच्या आत जितके जीव राहतात तितके अनेक हिरव्या झाडांवरही राहत नाहीत. पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं तेही पायीच कळतं. ओढ्याच्या, नाल्याच्या काठची झाडं तर काढायच्या झाडांच्या यादीत घेऊच नका, असं मी म्हणेन. काठ मोकळा केला की दोन-चार मोठ्या पावसांत तो खचायला लागतो, आणि मग तो बांधून काढण्याचा खर्च झाडं काढण्याच्या खर्चाहून कितीतरी जास्त येतो.

उताराबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे होणारी चूक लगेच दिसत नाही. झाड कापलं की त्याची मुळं त्या दिवशी मरत नाहीत. ती हळूहळू कुजतात आणि माती धरून ठेवण्याची त्यांची ताकद वर्षागणिक कमी होत जाते. नवीन झाडांची मुळं अजून खोल गेलेली नसतात आणि जुनी कुजलेली असतात, असा मधला काळ येतो. डोंगरउतारांच्या अभ्यासात हा सर्वांत नाजूक काळ साधारणपणे तोडीनंतर ३ ते १५ वर्षांचा मानला जातो. पहिल्या दोन पावसाळ्यांत काही झालं नाही म्हणून उतार सुरक्षित आहे असं समजू नये. पोकलेनने तर मुळंही उपटलेली असतात, त्यामुळे तेवढीही मुदत मिळत नाही. तीव्र उतारावर झाड काढणं अगदीच टाळता येत नसेल, तर बुडखा जागेवर राहू द्या. वरून कापा, खोदू नका.

फिरताना खुणा करायच्या, त्याबद्दल एक सूचना. बरेच जण ठेवायच्या झाडांना फीत बांधतात. मला ते उलटं वाटतं. खूण जाणाऱ्या झाडाला करावी. एखाद्या झाडाला खूण करायची राहून गेली, तर पहिल्या पद्धतीत ते झाड जातं आणि दुसऱ्या पद्धतीत वाचतं. चुकून वाचलेलं झाड उद्या काढता येतं. चुकून काढलेलं परत लावता येत नाही, म्हणजे लावता येतं, पण ते त्या उंचीचं व्हायला पुढची पिढी उजाडते. रंग बुंध्याच्या एकाच बाजूला न लावता चारी बाजूंनी पट्टा ओढा, कारण मशीन कोणत्या बाजूने येईल हे आधी सांगता येत नाही.

आता मालकांना थोडं वेगळं सांगायचं आहे. जे झाड तुम्ही ठेवता आहात, ते केवळ उभं राहिलं म्हणजे वाचलं असं नाही. झाडाची मुळं फांद्यांच्या सावलीपुरती असतात हा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. मुळं फांद्यांच्या घेराच्या दोन-तीन पट लांबपर्यंत पसरतात, आणि त्यांतली बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटर मातीतच असतात. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं तर त्याहूनही वर, पहिल्या ३० सेंटिमीटरमध्ये. म्हणजे पोकलेनची चेन जिथून जाते आणि बकेटचे दात जिथे लागतात, नेमक्या त्याच थरात झाडाचं पोट आहे. शेजारचा बुडखा खोदताना ठेवायच्या झाडाची एका बाजूची मुळं तुटली, तर त्या वर्षी काहीच दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंडा वाळायला लागतो आणि मग आपण कीड शोधत बसतो. मुळं तुटलेल्या बाजूने झाडाचा आधारही गेलेला असतो. पुढच्या वादळात ते कुठल्या बाजूला पडेल ते सांगायला नको.

याला सोपं माप आहे. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या जागेवरच्या झाडांसाठी जे मानक वापरतात, त्यात दीड मीटर उंचीवर बुंध्याचा व्यास मोजून त्याच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ राखीव ठेवतात. बुंधा ३० सेंटिमीटरचा असेल तर चहूबाजूंनी ३.६ मीटर. त्या वर्तुळात मशीन न्यायचं नाही, माती ओतायची नाही, फांद्यांचा ढीग लावायचा नाही, डिझेलचा कॅनसुद्धा ठेवायचा नाही. चार खुंट्या ठोकून दोरी बांधा. दोरी दिसली की ऑपरेटर थांबतो. तोंडी सांगितलेली सूचना इंजिनच्या आवाजात विरून जाते.

‘मशीन छोटं आहे, जमिनीला काय होणार?’ हे वाक्य मी मालकांच्या तोंडून वारंवार ऐकलं आहे. त्यात अर्धं खरं आहे. ६ टनांपर्यंतचे पोकलेन छोटे म्हणून गणले जातात, आणि सपाट जागी नुसतं उभं असलेलं दीड-दोन टनांचं मशीन चेनच्या रुंदीमुळे जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.३ किलोच्या आसपास दाब देतं. उभ्या माणसाच्या पावलाखालचा दाब याच्या जवळपासच असतो. पण मशीन झाड ढकलायला लागलं, की त्याचं बरंचसं वजन चेनच्या एका टोकावर येतं आणि तिथला दाब कित्येक पटींनी वाढतो. जागच्या जागी वळलं तर चेन वरचा थर अक्षरशः खरवडून काढते. चिकणमाती ओली असेल तर नुकसान सगळ्यांत जास्त, आणि माती दबण्याचं बहुतेक काम पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जातं. म्हणून सगळ्या जमिनीवर थोडं थोडं फिरण्यापेक्षा येण्याजाण्याची एकच वाट ठरवा आणि तिच्यावरूनच ये-जा करा. कापलेल्या फांद्या त्या वाटेवर पसरून त्यांच्यावरून मशीन चालवलं तर दाब आणखी वाटला जातो. जमीन ओली असेल तर काम पुढे ढकला. मशीन आधीच सांगून ठेवलं आहे, हे चिखलात काम करायचं कारण होऊ शकत नाही.

ऑपरेटर मित्रांनो, पुढचं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण हे मालकांनीही वाचायला हवं. त्यांना वाटतं, एक झाड म्हणजे एक धक्का. तसं नसतं हे त्यांना कळलं तर ते तुमच्या मागे घाई लावणार नाहीत.

छोटा पोकलेन मुळात जंगलासाठी जन्मलेला नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये ताकेउचीसारख्या कंपन्यांनी ही मशीनं आणली ती अरुंद जागांतल्या बांधकामासाठी, पाया आणि चर खणायला. त्या कामात डोक्यावर काही पडण्याची भीती कमी आणि कडेवर कलंडण्याची जास्त. म्हणूनच छोट्या पोकलेनच्या केबिनसाठी जे संरक्षण मानक आहे, आयएसओ १२११७, ते मशीन बाजूला कलंडलं तर चालक चिरडू नये यासाठी आहे. वरून किंवा समोरून येणाऱ्या वस्तूपासून वाचवणारी जाळी हा वेगळा भाग, त्याचं मानकही वेगळं, आयएसओ १०२६२. तुमच्या मशीनवर ती जाळी आहे का, हे कामाला जाण्याआधी बघा. नसेल, तर वाळक्या फांद्या असलेलं उंच झाड त्या मशीनने ढकलायचं नाही. बुंध्याला धक्का बसला की खालचं खोड हळू हलतं, पण वरचा वाळका शेंडा चाबकासारखा उलटा येतो आणि तुटून सरळ केबिनवर पडतो. काच त्याला थांबवत नाही.

मग उंच झाडाचं काय करायचं? ते आधी करवतीने उतरवायचं, आणि ते काम ज्याला येतं त्यानेच करायचं. फक्त त्याला सांगून ठेवा की बुंधा गुडघ्याएवढा छाटू नको. माणसाच्या उंचीएवढा तरी खोडाचा भाग उभा राहू द्या. बुडखा उपटताना तोच दांडा तरफेचं काम करतो. जमिनीलगत कापलेला बुडखा काढायला छोट्या मशीनला तासन्‌तास लागतात, कारण पकडायलाच काही नसतं. मी पाहिलेल्या कामांत सर्वांत जास्त वेळ वाया गेला तो इथेच: करवतवाला आदल्या दिवशी येऊन सगळं स्वच्छ, सपाट कापून गेला आणि पोकलेनवाल्याला नुसत्या चकत्या मिळाल्या.

बुडखा काढायचा तो ताकदीने नाही, क्रमाने. बुंध्यापासून थोडं अंतर ठेवून एका बाजूने चर घ्यायचा, आडवी मुळं एकेक करून तोडायची, मग दुसरी बाजू, मग तिसरी. बकेटच्या दातांनी मूळ वर ओढून तोडण्यापेक्षा दोन्हीकडची माती काढून ते उघडं पाडावं आणि मग कापावं. मशीनवर ताण कमी येतो आणि शेजारच्या झाडाची मुळंही ओढली जात नाहीत. तीन बाजू मोकळ्या झाल्या की दांड्याला वरून हळूच रेटायचं, गड्डा किंचित उचलला जातो, की त्याच्या खालची माती काढायची, पुन्हा रेटायचं. सोटमूळ असेल तर ते शेवटी लागतं. गड्डा सुटला की तो लगेच उचलायचा नाही. बकेटने ठोकून, हलवून, उलटा करून सगळी माती जागेवरच झाडून घ्यायची. ही माती म्हणजे तुमच्या जमिनीचा सर्वांत चांगला भाग आहे, ती ढिगात जाऊ देऊ नका.

वजनाचा हिशेब एकदा मांडून बघा. ४० सेंटिमीटर जाडीचं, ३ मीटर लांबीचं ओलं ओंडकं साधारण ३८० किलोचं भरतं. दीड मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल मुळांचा गड्डा मातीसकट दीड टनाच्या वर जातो. दोन टनांचं मशीन हात पूर्ण लांब करून बाजूला वळलं, तर काहीशे किलोच सुरक्षितपणे उचलू शकतं. उचलण्याचा तक्ता केबिनमध्ये किंवा पुस्तिकेत असतो आणि तो बाजूच्या व समोरच्या दिशेसाठी वेगवेगळे आकडे देतो. बहुतेक छोटी मशीनं कलंडतात ती अशीच: ओझं उचललं, बाजूला वळलं, त्यातही उताराच्या दिशेने. ओंडका ओढून नेता येत असेल तर उचलू नका. उचलावाच लागला तर हात जवळ घ्या, ओझं जमिनीलगत ठेवा आणि पुढचं पातं टेकवून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही पुस्तिकेपेक्षा जास्त जीव वाचवेल. झाड ढकलताना मशीन त्याच्या मुळांवर उभं करू नका. झाड पलीकडे झुकतं तसा अलीकडच्या बाजूचा मुळांचा पसारा वर उचलला जातो, आणि त्यावर उभं असलेलं मशीनही त्याबरोबर उचललं जातं. वादळात उलथलेल्या झाडाचं खोड कापताना याच्या उलट होतं. वजन सुटलं की उभा राहिलेला मुळांचा गड्डा झटक्यात खड्ड्यात परत बसतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे कुणीही उभं असता कामा नये, आणि कापण्याआधी पोकलेनने तो धरून ठेवायला हवा. करवत आणि पोकलेन एकाच झाडावर एकाच वेळी चालत असतील तर दोघांनी आधी खुणा ठरवून घ्या: थांब, सोड, मागे हो. बाकी सगळे, विशेषतः मालक आणि त्याची मुलं, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. बघायला यायची हौस सगळ्यांना असते, मला ती कळते, पण लांबून बघा.

वीजवाहिनीच्या जवळचं झाड तुमच्या यादीतच नको. ते काम वाहिनी सांभाळणाऱ्यांना कळवूनच, त्यांच्या देखरेखीखाली व्हावं. बूम तारेला लागलीच, तर केबिनमध्येच बसून राहा आणि बाकीच्यांना लांब ठेवा. मशीनने पेट घेतला तरच उतरा, तेही मशीन आणि जमीन दोन्हींना एकाच वेळी स्पर्श न करता, पाय जुळवून उडी मारून, आणि मग पाय न उचलता घसटत दूर जा. जमिनीखाली काय आहे तेही मालकानेच आधी सांगायचं आहे: पाण्याचे आणि गॅसचे पाइप, केबल, सांडपाण्याच्या टाकीचं झाकण. जुनी, नुसता पालापाचोळा टाकून बुजवलेली विहीर मशीनला पोटात घेऊ शकते. जमिनीचा जुना माहितगार, शेजारचा म्हातारा, कुणीही असो, फिरायला निघताना त्याला सोबत घ्या.

मशीनची देखभाल झाडांच्या कामात वेगळी लागते. वाळकी पानं आणि काटक्या इंजिनभोवती, मशीनच्या पोटाखालच्या पत्र्यावर आणि सायलेन्सरजवळ साचतात, आणि काम संपवून मशीन बंद केल्यानंतर, सगळे घरी गेल्यावर, तिथूनच आग लागते. दिवसातून अनेकदा ते हाताने साफ करा, रेडिएटरची जाळी झाडा, आग विझवायचं साधन केबिनमध्ये ठेवा आणि शेवटी मशीन बंद करून काही वेळ तिथेच थांबा. फांदी घुसून होज पाइप चिरतो हेही नेहमीचंच. आतल्या तेलाचा दाब २०० बारच्या वर असतो. गळती कुठे आहे ते बोटाने चाचपून बघू नका. केसाएवढ्या छिद्रातून निघालेलं तेल कातडीत घुसतं. जखम टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतलं मांस सडू लागतं. अशा वेळी वाट बघायची नाही, लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोहोचायचं आणि तेल घुसलं आहे हे स्पष्ट सांगायचं.

ढिगांबद्दल माझं मत जरा कडक आहे. बकेटने गोळा केलेल्या ढिगात निम्मी माती असते. असा ढीग ना कुजत, ना वापरता येत, वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो आणि त्यावर वेली चढतात. मातीतून फांद्या वेचायला मोकळ्या दातांची फणी लावा किंवा बकेटसमोरचा अंगठा, ज्याने चिमटीत धरल्यासारखं उचलता येतं. मशीन ठरवतानाच हे जोड सोबत येणार का ते विचारा. बोटभर जाडीची झुडपं अंगठ्याने धरून मुळासकट सरळ वर उपटता येतात, खड्डा करावाच लागत नाही. निलगिरी, सुबाभूळ अशा बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या झाडांच्या बाबतीत तर मुळासकट निघणं हाच फायदा आहे; नुसती कापली तर पुढच्या वर्षी एकाच्या जागी दहा फुटवे उभे राहतात.

आणि बुडखे खड्ड्यात पुरून वरून माती ओढायची सवय कृपया सोडा. दिसायला काम स्वच्छ होतं, मालक खूश होतो. पण लाकूड कुजत जातं, खाली पोकळी तयार होते आणि काही वर्षांनी जमीन खचते. नेमकं तिथूनच रस्ता गेलेला असतो, नाहीतर घराचा कोपरा आलेला असतो. बुडखे वर काढून जमिनीच्या एका कडेला रचून ठेवा, ते तिथे सावकाश कुजू देत. साप, सरडे, मुंगूस यांना घर मिळेल. बुडख्याचे खड्डे थराथराने भरा, प्रत्येक थर दाबून, आणि वरचा सुपीक थर वरच परत येईल असं बघा. त्यासाठी खणतानाच वरची माती वेगळी काढून ठेवावी लागते.

परवानगीचा विषय लांबवत नाही. स्वतःच्या जमिनीवरचं झाड काढायलाही अनेक ठिकाणी परवानगी लागते आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंधनं असतात. ती मिळवणं मालकाचं काम, आणि कागद बघितल्याशिवाय इंजिन सुरू न करणं हा ऑपरेटरचा हक्क.

मशीन गेल्यावर जमीन उघडी सोडू नका. उकरलेल्या मातीत सर्वांत आधी तेच उगवतं जे आपल्याला नको असतं, आणि पहिला पाऊस उरलेली माती घेऊन जातो. गवताचं किंवा जमीन झाकणाऱ्या एखाद्या पिकाचं बी मशीन यायच्या आधी आणून ठेवा. ज्या संध्याकाळी काम संपेल त्याच संध्याकाळी पेरता आलं तर उत्तम.

तुमच्या दोघांमधल्या व्यवहाराबद्दल शेवटचं बोलतो, कारण वर सांगितलेलं सगळं तिथेच अडतं. मालकांनो, फिरण्याचा वेळ कामाच्या तासांत धरा. ऑपरेटर तुमच्याबरोबर अर्धा दिवस पायी हिंडला, त्याने झाडं पाहिली, वाट ठरवली, तर तो अर्धा दिवस त्याच्या मजुरीत यायला हवा. तो फुकट हवा असेल तर तो कधीच होणार नाही. आणि ऑपरेटरने एखाद्या झाडासमोर थांबून ‘हे माझ्या मशीनचं काम नाही’ असं म्हटलं, तर त्याचे तास कापू नका आणि त्याच्या जागी दुसरा, हो म्हणणारा शोधू नका. ऑपरेटर मित्रांनो, तुम्हीही ते म्हणायला शिका. खूण नसलेलं झाड वाटेत आलं की इंजिन बंद करून खाली उतरा, मालकाला बोलवा, झाडापाशी दोघं उभे राहा आणि विचारा. मालक त्या वेळी जागेवर नसेल तर ते झाड त्या दिवशी राहू द्या आणि पुढच्या खूण केलेल्या झाडाकडे वळा.

आपला,
जमीन राखणारा आणि मशीनवरही बसणारा एक जण